फोटोतली कुर्ची

व्यंकोजीनं कात्री मागितली तेव्हा फत्तेसिंगरावांना वाटलं, फोटोंच्या पाकिटाचा दोरा कापायचा असेल. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अंबूबाईंनी, आत जाऊन शिवणाच्या डब्यातली कात्री आणून दिली. पण दोरा केव्हाच सुटलेला होता. लग्नाचे फोटो चटईवर पसरले होते आणि व्यंकोजी एकेक उचलून उजेडात धरत होता.

"यात एक पण कामाचा नाही, अण्णा," तो म्हणाला. "सगळ्यात वहिनी आहेत."

फत्तेसिंगरावांची बायको सकवारबाई, तिला जाऊन सोळा महिने झाले होते. मुलाचं, शंभूराजचं, लग्न झालं गेल्या महिन्यात, मेमध्ये. त्या दिवशी स्टेजवर फत्तेसिंगरावांच्या शेजारी एक कुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर सकवारबाईंचा मोठा फोटो, चंदनाचा हार घातलेला. कुर्ची सोडून एकही फोटो काढायचा नाही असं त्यांनी स्वतः फोटोवाल्याला बजावलं होतं. त्या माणसानं शब्द पाळला. मंगळसूत्र बांधताना कुर्ची, अक्षता टाकताना कुर्ची, जेवणाच्या पंगतीतसुद्धा एका टोकाला कुर्ची. पाहुण्यांना ते जरा जास्त वाटलं असेल. कुणी बोललं नाही.

आता तीच कुर्ची आड येत होती.

शंभूराज न्यू जर्सीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. गेल्या नोव्हेंबरात त्याला तिकडं कायम राहायचं कार्ड मिळालं. फोनवर बातमी आली तेव्हा फत्तेसिंगरावांनी मारुतीपुढं नारळ फोडला होता आणि गल्लीत पेढे वाटले होते. लग्नानंतर आठ दिवसांनी तिकडच्या वकिलाचा फोन आला आणि आपण नारळ कशासाठी फोडला ते त्यांना कळलं. कार्ड हातात पडायच्या आधी लग्न झालेलं असतं, तर बायको मागोमाग गेली असती. कार्ड मिळाल्यावर लग्न केलं तर बायकोनं रांगेत थांबायचं. रांग चार वर्षांची, पाचही लागतील. नुसतं भेटायला जाते म्हटलं तरी व्हिसा मिळणं कठीण, कारण नवरा तिकडं असलेली बाई परत येणार नाही असं ते धरूनच चालतात. शंभूराजनं इथं येऊन राहावं तर वर्षाच्या वर राहिला की कार्ड गेलं. त्याचं विमान रविवारी होतं. आज गुरुवार.

सहा महिने लग्न उशिरा झालं, एवढंच घडलं होतं.

सून सौम्या दारापाशी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मल्लेश्वरमच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. विमानात बसायचं म्हणून तिनं एप्रिलात राजीनामा दिला होता. तिची मोठी बॅग अजून कपाटावर तशीच होती, कुलूप लावलेली. फत्तेसिंगराव रोज सकाळी उठले की त्यांची नजर आधी त्या बॅगेवर जायची. लग्नाआधी जी भीती होती ती वेगळी होती. तेव्हा वाटायचं, दोघं निघून गेली की घरात आपण आणि भिंती. आता भीती ही होती की दोघांपैकी एकच जाईल आणि जाणारा हळूहळू लांब होईल. जयनगरच्या ओळखीतल्या एका मुलीचं तसंच झालं होतं. पहिल्या वर्षी नवऱ्याचे फोन दर आठवड्याला यायचे, दुसऱ्या वर्षी दर महिन्याला. तिसऱ्या वर्षी तिनं फोनजवळ बसणं सोडलं.

व्यंकोजी फत्तेसिंगरावांचा धाकटा भाऊ. कोर्टाच्या मागं त्याचं टायपिंगचं दुकान होतं आणि कुठल्या कामाला कुठला कागद लागतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं वाट काढली होती. शंभूराज पंचाण्णवच्या जानेवारीत आई आजारी म्हणून पंधरा दिवस आला होता. पासपोर्टवर तसा शिक्का होता. त्याच पंधरा दिवसांत हॉस्पिटलात सौम्याला दाखवून सोयरीक ठरली होती. तर लग्नही तेव्हाच झालं असं दाखवायचं. व्यंकोजीच्या ओळखीच्या एका लहान देवळाचे पुजारी तसा दाखला द्यायला तयार होते. त्यांच्या वहीत त्या जानेवारीच्या पानावर एक ओळ कोरी होती. बाकी लागणार होतं वराच्या बापाचं प्रतिज्ञापत्र. ते टाइप होऊन फत्तेसिंगरावांच्या मांडीवर पडलं होतं. त्यात लिहिलं होतं की हे लग्न माझ्या आणि माझ्या पत्नीच्या समक्ष झालं. खाली सहीची जागा मोकळी होती.

"आणि दोन-तीन फोटो," व्यंकोजी म्हणाला. "मोठं लग्न दाखवायचं नाही. घरातलेच लोक. कुर्चीची बाजू कापून टाकली की झालं. वहिनी हयात होत्या म्हणून सांगायचं आणि फोटोत त्यांना हार घातलेला, हे कसं चालेल?"

फत्तेसिंगराव कागद पुन्हा वाचू लागले. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. समोर आलेला भाग मापाला बसला तर पास, नाही तर लाल खडूची फुली. न पाहिलेल्या मालावर त्यांनी कधी सही केली नव्हती, आणि त्यावरून वरच्या साहेबाशी दोनदा भांडलेही होते. पण तो लोखंडाचा माल होता. इथं पोरगी होती.

वेताच्या कुर्चीत सौम्याचे वडील रघुपती बसले होते. ते सकाळीच मल्लेश्वरमहून आले होते आणि अजून त्यांनी कॉफीला हात लावला नव्हता.

"सही करून टाका, फत्तेसिंगराव," ते म्हणाले. "मला पण खोटं आवडत नाही. पण मी तेव्हा आलो होतो ना? पंचाण्णवच्या एप्रिलात. याच कुर्चीत बसलो होतो. म्हटलं, मंडप नको, बँड नको, मेमध्ये जावई येणारच आहेत, नुसती नोंदणी करून ठेवू. तुम्ही म्हणालात, वर्षश्राद्ध झाल्याशिवाय अक्का नको म्हणतात." त्यांनी अंबूबाईंकडं पाहिलं. "जुन्या माणसांचे नियम असतात, मी मान दिला. भोगतेय माझी मुलगी."

अंबूबाई तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि या घरात सणवार-सोयरसुतक सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. कुणी टोचून बोललं तर जागच्या जागी परत टोचायच्या. आज त्यांनी फक्त भावाकडं एकदा पाहिलं आणि मग फोटोंकडं पाहत राहिल्या.

त्या एका नजरेपुढं फत्तेसिंगरावांनी मान खाली घातली.

कारण अक्का नको म्हणाली नव्हती. सकवारबाईंच्या तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी अंबूबाईच त्यांच्याजवळ येऊन बसल्या होत्या. भटजींना विचारून आल्या होत्या. तीन महिने झाले की शांत करून लग्न लावता येतं, पोराचं अडवू नकोस, असं म्हणाल्या होत्या. फत्तेसिंगरावांनी ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, बघू. मग रघुपती आले तेव्हा तोंडातून अक्काचं नाव गेलं. बोलताना ते खोटं वाटलंही नव्हतं. दारात तोरण लागणार, सनई वाजणार, बायका हसणार, आणि सकवार नाही, हे त्यांना सोसणार नव्हतं. एक वर्ष तरी घर गप्प राहू दे, एवढंच त्यांना हवं होतं. अंबूबाईंना ते चारचौघांतून कळलं. त्यांनी भावाला जाब विचारला नाही. वर्षभर लोकांचे टोमणे स्वतःच्या पदरात घेतले.

"चला, तालीम करू," व्यंकोजी म्हणाला. त्यानं चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि मांडी मोडून ताठ बसला. "मी मद्रासच्या व्हिसा कचेरीतला, खिडकीतला साहेब. नवऱ्याला एकदा विचारतो, बायकोला एकदा, आणि जुळलं नाही तर घरी पाठवतो."

"साहेब दाढी करून येतो," अंबूबाई पुटपुटल्या. रघुपतींनासुद्धा हसू आलं.

"सौम्या. तुमचं लग्न कधी झालं?"

"बावीस जानेवारी पंचाण्णव."

"किती माणसं होती?"

"पंधरा."

"जेवायला काय होतं?"

"चित्रान्न," सौम्या म्हणाली, आणि त्याच वेळी शंभूराज म्हणाला, "बिशीबेळे भात."

"गेलात दोघं," व्यंकोजी म्हणाला. "चित्रान्न. लिहून ठेवा. पुढं. सासूनं तुला काय दिलं?"

सौम्या थांबली. शेंग तिच्या हातात अर्धी मोडून राहिली. आणि फत्तेसिंगरावांनी स्वतःचाच आवाज ऐकला.

"जोडवी," ते म्हणाले. "तिनं स्वतः खाली बसून घातली पायात. मी म्हटलं, सोनाराला घालू दे, तर म्हणाली, माझी सून आहे, सोनाराची नव्हे."

"शाब्बास," व्यंकोजी म्हणाला. "काय नेसल्या होत्या?"

"हिरवी इरकली. लाल काठाची. केसात अबोली. चपला नवीन घेतल्या होत्या, त्या चावत होत्या. देवळाच्या फाटकापासून आतपर्यंत चपला हातात घेऊन चालत आली. मी म्हटलं, लोक बघतात. म्हणाली, बघू देत. अक्षता वाटायचं काम तिच्याकडंच होतं. भटजी सावधान म्हणायच्या आधीच तिनं टाकल्या, आणि सगळे हसले. ती पण हसली, तोंडाला पदर लावून."

ते बोलत गेले. कुठून येत होतं कळत नव्हतं, पण येत होतं, आणि त्यातली एकही गोष्ट तिच्या स्वभावाला सोडून नव्हती. शंभूराज खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. फत्तेसिंगरावांना ती फाटकातून येताना दिसत होती. सोळा महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांना आजारी नसलेली दिसली. आणि त्यांना वाटलं, सही करावी. या कागदावर सही केली की ती त्या दिवशी चालत आली होती हे खरं होईल, सरकारी शिक्क्यासकट.

तेव्हा त्यांना खरी भीती वाटली. साहेबाची नव्हे, स्वतःची.

"मामंजी," सौम्या हळू आवाजात म्हणाली, "जानेवारीत आईंना उठून बसता येत नव्हतं. मी भेटायला आले होते. तुम्ही चमच्यानं पाणी पाजत होता. त्यांनी माझा हात धरला, तोही तुम्ही उचलून माझ्या हातात दिला होता."

फाटकातून येणारी सकवार पुन्हा पलंगावर जाऊन पडली. फत्तेसिंगरावांनी डोळे मिटले.

"ते कोण विचारणार आहे?" व्यंकोजी म्हणाला. "सासूच्या दुखण्याची फाईल कोणी मागत नाही."

"सासूची नाही मागणार," सौम्या म्हणाली. मग ती नवऱ्याकडं वळली. "तुमची मागतील. कार्डासाठी अर्ज केला होता ना तुम्ही? त्यात लग्न झालंय का असं विचारलं असेल. काय लिहिलंत?"

शंभूराज उठला, खिडकीपाशी गेला आणि बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता तिकडं बघत उभा राहिला.

"शंभू," फत्तेसिंगराव म्हणाले.

"अविवाहित," तो म्हणाला. "गेल्या सप्टेंबरात. शपथेवर लिहून दिलंय, अप्पा. समोर बसवून विचारलं पण होतं."

"मग जानेवारीत लग्न झालं म्हटलं तर?"

"मग मी तेव्हा खोटं बोललो असं होईल." तो खिडकीतून वळला नाही. "पकडलं तर कार्ड जाईल. नोकरी जाईल. तिला पण पुढं कधीच सोडणार नाहीत. पण दर वेळी जुनी फाईल कुठं उघडतात? लाखो लोकांच्या फायली. मला वाटलं, नाही उघडणार."

"तुम्हाला माहीत होतं," सौम्या म्हणाली.

"माहीत होतं."

"आणि मला चित्रान्न पाठ करायला लावलंत."

रघुपती उभे राहिले. इतका वेळ सही करा म्हणणारा माणूस आता उलटला होता. माझ्या मुलीला खिडकीसमोर उभं करून हे सगळं तिच्या गळ्यात घालणार होता का, असं त्यांनी जावयाला विचारलं. व्यंकोजी मध्ये पडला, की पुजाऱ्यांनी ओळ दोनच दिवस कोरी ठेवतो म्हटलंय, आता मागं फिरलं तर परत जमणार नाही. शंभूराज काकावर ओरडला. काका म्हणाला, तुझ्यासाठीच मरतोय मी. मग रघुपतींचा राग फिरून पुन्हा जुन्या जागी आला. ते अंबूबाईंकडं वळून म्हणाले, या सगळ्याच्या मुळाशी तुमचं ते वर्षश्राद्ध आहे.

अंबूबाईंनी पदर सारखा केला. "असेल," त्या म्हणाल्या.

"अक्का नको म्हणाली नव्हती," फत्तेसिंगराव म्हणाले.

आवाज इतका साधा निघाला की आधी कुणाला कळलंच नाही. त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

"अक्का म्हणाली होती, तीन महिन्यांनी करा. भटजींना विचारून आली होती. मीच नको म्हटलं. तुम्ही आलात तेव्हा मी तिचं नाव पुढं केलं, रघुपतराव. मला घरात बँड नको होता. मला कुणी हसायला नको होतं." त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही, पाहवत नव्हतं. "कार्डाचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक असतं तर केलं असतं का, हे पण मला सांगता येत नाही. तेवढं मी स्वतःला विचारलंय. उत्तर येत नाही."

शंभूराज खिडकीपासून वळला. फत्तेसिंगरावांना वाटलं होतं तो ओरडेल. तो बापाकडं असा बघत राहिला जसा लहानपणी हरवला होता तेव्हा सापडल्यावर बघत होता, रडायचं की मारायचं हे न ठरलेला.

"मला एका फोनवर सांगायचं होतंत, अप्पा," तो शेवटी म्हणाला. "मी आत्यावर चिडून होतो वर्षभर. तिला एक पत्र नाही लिहिलं."

"तिनं पण सांगितलं नाही," व्यंकोजी म्हणाला.

"मी काय सांगू?" अंबूबाई म्हणाल्या. "याचं तोंड बघितलं होतं मी. माणूस जेवत नव्हता. म्हटलं, राहू दे, माझ्या नावावर खपतंय तर खपू दे. मी काय, नाहीतरी खाष्टच." त्यांनी चटईवरच्या कात्रीकडं पाहिलं. "पण कात्री मी आणून दिली, त्याचं मला वाईट वाटतं."

रघुपतींनी मुलीला हाक मारली. बॅग घे, म्हणाले, आपल्या घरी चल, नंबर लागेल तेव्हा लागेल.

फत्तेसिंगरावांचं मन एकदम बापुडवाणं झालं. ती राहिली तर सकाळी स्वयंपाकघरात कुणाचा तरी आवाज असेल. पाच वर्षं. एक क्षण त्यांना आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे लक्षात येताच त्यांना स्वतःची लाज वाटली. एकदा त्यांनी आपल्या दुःखासाठी या पोरांना अडवलं होतं. आता दुसऱ्यांदा तेच करायला मन तयार बसलं होतं.

"जा, बाळ," ते म्हणाले. "शाळा तिकडंच आहे. जून आहे, अजून जागा भरली नसेल. उद्याच जाऊन विचार."

सौम्यानं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. ती चटईवर येऊन बसली आणि फोटो गोळा करू लागली.

"रविवारपर्यंत मी इथंच आहे, नाना," ती वडिलांना म्हणाली. "मग शाळेत विचारते. कुठं राहायचं ते मी ठरवीन." मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही खरी तारीख घाला. मला खिडकीची भीती वाटते, पाच वर्षांची पण वाटते. तुम्ही तिकडं गेल्यावर बदललात तर, हीसुद्धा वाटते, कशाला लपवू. पण खोटं सांगून गेले तर जन्मभर दर वेळी कुणी दार वाजवलं की वाटेल. आणि पोरांना काय सांगायचं? लग्नाचे दोन वाढदिवस करायचे?"

"पाच वर्षं, सौम्या," शंभूराज म्हणाला.

"सरी, असू दे," ती म्हणाली. "रविवारी रडू. आज अर्ज भरू."

व्यंकोजीनं नाकावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. फत्तेसिंगरावांच्या मांडीवरचं प्रतिज्ञापत्र त्यानं स्वतःच उचललं, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या आत घातलं. जाळायला हवं, म्हणाला, दुकानात नेऊन जाळतो. मग कुणी न सांगता त्यानं लांबट पाकीट काढलं आणि कुठला कागद आधी लावायचा, कुठला मागं, ते शंभूराजला सांगू लागला.

एक लग्नाचा फोटो लागणार होता. सौम्यानं सगळे फोटो सासऱ्यांपुढं धरले आणि म्हणाली, तुम्ही काढा.

त्यांनी पाहून पाहून एक घेतला. शंभूराज मंगळसूत्र बांधतोय, सौम्याची मान खाली, मागं अंबूबाई, व्यंकोजी, रघुपती. मागचे सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. फत्तेसिंगराव एकटे कुर्चीकडं. त्यांनी चष्मा लावला, फोटो उलटा केला आणि कारखान्यात मालाची चिठ्ठी लिहायचे तशा सुट्या इंग्रजी अक्षरांत पाठीमागं लिहिलं. लग्न एकोणीस मे शहाण्णव. कुर्चीवर माझी पत्नी सकवारबाई, मृत्यू अकरा फेब्रुवारी पंचाण्णव. खाली सही केली.

"नंबर लागला की मद्रासला तुम्ही माझ्याबरोबर यायचं, मामंजी," सौम्या म्हणाली. "एवढं तुमच्याकडं राहिलं."

ते चौसष्ट वर्षांचे होते. पाच मिळवले तर किती होतात हे त्यांना बोटांवर मोजायची गरज नव्हती. येईन असं त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी नुसती मान डोलावली.

पाकीट जाड झालं होतं, नुसतं चिकटवून राहीना. अंबूबाईंनी जुना दोरा शोधून पाकिटाला दोन्हीकडून गुंडाळला, गाठ मारली आणि उरलेला दोरा कात्रीनं कापला. मग कात्री शिवणाच्या डब्यात ठेवायला त्या आत गेल्या.